बसा, सर

“अभिनंदन सर,” दाजी म्हणाले, “तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

आणि त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, लग्नपत्रिका देतात तसा. मी त्यांच्या लॅबमधल्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलो होतो. रिक्षातून उतरून काउंटरपर्यंत आलो, रांगेत थोडा थांबलो, तेवढ्यात छातीत ढोल वाजायला लागले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. रांगेतल्या एका बाईंनी ते बघितलं आणि ‘बसा, सर’ म्हणून मला बाकावर जागा करून दिली. त्यांचा मुलगा माझ्याकडं अकरावीला होता. बसल्यावर चहा आला. चहा झाल्यावर दाजी आले, त्यांनी नाडी बघितली, बी.पी. घेतलं आणि खूश झाले.

“सीआरपी नॉर्मल, फेरिटिन नॉर्मल, डी-डायमर नॉर्मल,” ते रिपोर्टवरून बोट फिरवत म्हणाले. “थायरॉइड तर असं आहे की फ्रेम करून लावावं.”

“मग मला होतंय काय?”

“तेच सांगतोय. काही नाही.”

दाजी म्हणजे भूपाल चौगुले, माझ्या थोरल्या बहिणीचे, त्रिशलाअक्काचे यजमान. वयानं माझ्यापेक्षा मोठे, पण मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो म्हणून तेही मला सरच म्हणायचे. मिरजेत त्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. इथं रस्त्यात कोणाला पत्ता विचारला तर तो आधी ‘कुठल्या डॉक्टरांकडं?’ असं विचारतो. अशा गावात आजारी पडणं सोपं असतं आणि आजारी आहे हे सिद्ध करणं त्याहून सोपं. मला मात्र ते वर्षभर जमलं नव्हतं.

दुसऱ्या लाटेत मला करोना झाला, तोही अगदी बेताचा. ऑक्सिजन खाली गेला नाही, ॲडमिट व्हावं लागलं नाही. अक्का रोज दाराबाहेर आम्हा दोघांचा डबा ठेवून, बेल वाजवून, जिन्याच्या चार पायऱ्या उतरून मागं वळून बघायची आणि मी खिडकीतून हात केल्यावर जायची. मी बरा झालो. सोसायटीनं माझ्या दारावरची पट्टी काढली. आणि मग महिन्याभरानं, सगळे माझ्या बरं होण्याला सरावल्यावर, मी आजारी पडलो.

सांगायला म्हटलं तर काहीच नव्हतं. थकवा. छातीत धडधड. आणि डोक्यात धुकं. फळ्यावर न्यूटनचा दुसरा नियम लिहिता लिहिता मला ‘त्वरण’ हा शब्द सापडेना. पंचवीस वर्षं जो शब्द मी पोरांच्या तोंडावर फेकत आलो, तो खडू हातात घेऊन शोधत राहिलो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच सांगितला. दुसऱ्या दिवशी तिनं तो न विचारता सांगितला.

आमच्या प्राचार्यांचं निरीक्षण मात्र चोख होतं. लॉकडाऊनमध्ये घरून ऑनलाइन तास घेताना मला कधी शब्द अडला नव्हता. कॉलेज उघडलं, मी वर्गात गेलो आणि शब्द अडायला लागले. “मगदूम सर,” ते म्हणाले, “घरात बसून तुम्ही ठणठणीत असता आणि वर्गात पाऊल टाकलं की आजारी. मोठा समंजस आजार आहे.”  मी तेव्हा त्यांच्या टेबलासमोर उभा होतो, आणि अशा वेळी मला काहीच सुचत नसे.

दाजींना मात्र माझ्या आजाराचं कुतूहल होतं. काही नाही म्हणताना त्यांच्या आवाजात आनंद असायचा आणि डोळ्यांत किंचित निराशा. इतकी वर्षं लोकांचं रक्त बघितलेल्या माणसाला असा हातातून निसटणारा रोगी मिळाला नव्हता. रविवारी दुपारी लॅब बंद झाली की मी तिथं जायचो, ते मोबाइलवर वाचलेलं काहीतरी काढायचे आणि आम्ही गुन्हेगार शोधत बसायचो.

पहिला संशय अर्थात विषाणूवर. तो गेला असं आपण धरून चालतो, पण त्याचे तुकडे आतड्यात कुठंतरी राहिलेले असू शकतात आणि शरीर त्यांच्याशीच भांडत बसतं, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असल्याचं दाजींनी सांगितलं.

“म्हणजे पाहुणे गेले, पण बॅग विसरून गेले,” मी म्हणालो.

“आणि घरातली माणसं त्या बॅगेकडं बघून रोज दचकतायत,” दाजी म्हणाले. त्यांना उपमा आवडली. पण बॅग कुठं ठेवलीय हे दाखवणारी तपासणी त्यांच्याकडं नव्हती.

मग पोलिसांवर संशय आला. दंगल मिटली तरी बंदोबस्त उठला नाही आणि आता तो घरच्यांनाच दांडकी मारतोय, असं असू शकतं म्हणे. शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं. त्यातली जी तपासणी लॅबमध्ये होत होती ती दाजींनी केली. निगेटिव्ह. एका रविवारी त्यांनी लहानपणी झोपी गेलेल्या जुन्या विषाणूंचा विषय काढला. नवा आला की ते जागे होतात आणि जुन्या भाडेकरूसारखे हक्क सांगतात. मला कांजिण्या कधी झाल्या होत्या ते त्यांनी लगेच फोन लावून अक्काला विचारलं. “चौथीत,” अक्का पलीकडून म्हणाली, “आणि तेव्हाही हा शाळा बुडली म्हणून खूश होता.”

काही रोग्यांमध्ये सकाळचं कॉर्टिसॉल कमी सापडलं होतं म्हणून मी सकाळी उपाशीपोटी हजर झालो. माझं भरपूर निघालं. सगळ्यात जास्त हळहळ दाजींना वाटली ती रक्तातल्या बारीक गुठळ्यांची. त्या इतक्या सूक्ष्म असतात की नेहमीच्या तपासणीला त्यांचा पत्ता लागत नाही. त्या बघायला वेगळा रंग आणि वेगळा सूक्ष्मदर्शक लागतो. परदेशात काही जण बघतात आणि त्यांच्यातही त्यावर वाद आहे. हे सांगून दाजींनी आपल्या मशीनकडं, माणूस जुन्या स्कूटरकडं बघतो तसं बघितलं.

“एवढं मशीन घेतलं,” ते म्हणाले, “आणि घरातलाच माणूस सापडेना.”

डॉक्टरांची तर मला वानवाच नव्हती. मिरजेतल्या निम्म्या दवाखान्यांत माझे विद्यार्थी भरलेले. मी दारात दिसलो की रिसेप्शनपासून आतपर्यंत ‘सर आले’ अशी कुजबुज जायची, रांग मोडून मला आत घ्यायचे, खुर्ची पुढं सरकायची. डॉ. रेश्मा जमादार त्यांतली सगळ्यात हुशार. अकरावीत मागच्या बाकावर बसून नको ते प्रश्न विचारायची. आता फिजिशियन झाली होती आणि पगार मिळत असल्यामुळं तेच प्रश्न विचारत होती. मी केबिनमध्ये शिरलो की ती आधी उठून उभी राहायची. “बसा, सर.” मी बसल्याशिवाय ती बसायची नाही. मग घरचं विचारायची, चहा मागवायची, आणि चहा संपल्यावर माझा हात हातात घ्यायची. नाडी सत्तरीत. बी.पी. उत्तम. ईसीजी झोपवून काढला, तोही उत्तम.

“सर,” एकदा ती म्हणाली, “तुमचे रिपोर्ट चांगले आहेत आणि तुम्ही चांगले दिसत नाही. या दोन्हींतलं एक मला चुकीचं वाटतंय, आणि रिपोर्ट चुकीचे नाहीत.”

“मग हे मनाचं असेल?”

“असं म्हणणं सोपं आहे म्हणून मी म्हणत नाहीये.” तिनं रिपोर्टची फाइल मिटली. “हा आजार ठरवायला अजून एकच एक अशी तपासणी नाही, सर. पण म्हणून खूण नसेल असं नाही. आपण चुकीच्या ठिकाणी बघतोय कदाचित.”

हे ऐकून मला बरं वाटलं. उठून दारापर्यंत गेलो आणि पुन्हा बरं वाटेनासं झालं. पण तोवर तिनं पुढच्या रोग्याला हाक मारलेली होती.

घरात माझ्या बायकोनं, सुरेखानं, स्टुलावर बसून अंघोळ करायची सोय केली होती, आणि दाढीसाठी आरसा टेबलावर आणून ठेवला होता. तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा पाहुणे आले तेव्हा बाथरूममधलं स्टूल गॅलरीत नेऊन ठेवलं, आणि ते गेल्यावर परत आणलं.

अशात भाचीचं लग्न ठरलं. चेलना, अक्काची एकुलती एक. मुहूर्त वैशाखातला. आमच्याकडं अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि चेलनाला मामा मी एकटाच.

अक्का पत्रिका घेऊन आली तेव्हा मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो होतो. तिनं ते बघितलं. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. मी शाळा बुडवताना पोटदुखीचं सोंग करायचो तेव्हा पोट दाबून बघायचं कामही हिच्याकडंच होतं, आणि ते सोंग तिनं दर वेळी पकडलेलं होतं.

“सुकू, पोरीच्या पाठीशी कोण उभं राहणार?” तिनं विचारलं.

“मीच. पण अक्का, मला एक खुर्ची दिलीस तर—”

“खुर्चीवर बसलेला मामा मी अजून कुठल्या लग्नात बघितलेला नाही.”

मी म्हटलं, मला झेपत नाही. तिनं पर्समधून चष्मा काढला, पुसला, पुन्हा ठेवून दिला.

“दाजींनी तुझे रिपोर्ट मला वाचून दाखवले. माझ्यापेक्षा चांगले आहेत. तीस वर्षं लॅबवाल्याच्या घरात काढली मी; सासूबाईंची चक्कर कधी खरी आणि कधी माझ्यासाठी, ते मी रिपोर्टवरून सांगायची. मग हे काय आहे, सुकू? एकदा मला सांग, म्हणजे मी लोकांना सांगते. लोक विचारणारच, भावा-बहिणीचं बिनसलं काय म्हणून.”

माझ्याकडं सांगायला शब्द नव्हता. खरोखरच नव्हता, रिपोर्टमध्ये नव्हता, डॉक्टरांकडं नव्हता.

“तुला यायचं नाही असं म्हण,” अक्का म्हणाली. “ते मला समजतं. पण आजारी आहे असं म्हणू नकोस. ते तू लहानपणापासून म्हणतोयस.”

ती गेल्यावर सुरेखा चहाचे कप उचलत म्हणाली, “उभे राहा. पडलात तर पडलात. निदान तिला दिसेल तरी.”

कोणी सहानुभूती म्हणून इतकं व्यवहारी बोलल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणून कळवलं. अक्षतांचा कार्यक्रम असा कितीसा असतो? आठ श्लोक. मी बसून हिशेब केला आणि तो मला जमण्यासारखा वाटला. बसून केलेले माझे सगळेच हिशेब तेव्हा बरोबर यायचे.

लग्न सांगली रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. ऊन असं की मांडवातले पंखे गरम वारा वाटत होते. मला फेटा बांधून नवरीच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. अक्काही तिथंच होती. आमच्या घरात आईनं मुलीच्या अक्षता डोळ्यांनी बघू नयेत अशी रीत. त्या वेळी ती आतल्या खोलीत बसते आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून मंगलाष्टका ऐकते. ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. ‘फेटा सरळ कर’ म्हणाली.

पुकारा झाला तसा मी चेलनाला घेऊन स्टेजवर गेलो. चपला पायऱ्यांशी काढल्या. अंतरपाट धरला गेला. पलीकडं नवरदेव, त्याच्या मागं त्याचा मामा. तो गडी एके काळी तालमीत होता म्हणे. झाड लावल्यासारखा उभा होता. लोकांच्या हातांत अक्षता पोचल्या. पंडितांनी घसा खाकरला. आणि निवेदकानं माइक हातात घेतला.

निवेदक ही आमच्या भागातल्या लग्नातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती. नवरदेव नसला तर मुहूर्त पुढं ढकलतील, निवेदक नसला तर लग्न मोडेल. त्यानं आधी कारखान्याच्या संचालकांचं स्वागत केलं, मग बँकेच्या माजी अध्यक्षांचं, मग जे येऊ शकले नाहीत पण ज्यांच्या शुभेच्छा आल्या त्यांचं. मग जाहीर झालं की आमदारसाहेब अंकलीच्या पुलावर पोचले आहेत, आणि मुहूर्ताला अजून थोडा अवकाश आहे. मुहूर्त पुलाच्या बेतानं सरकतो हे पंडितांना माहीत असावं, त्यांनी पोथी मिटली. खाली लोक खुर्च्यांवर बसून होते. स्टेजवर आम्ही उभे.

पहिल्या संचालकांच्या स्वागतालाच मला धडधड सुरू झाली होती. माजी अध्यक्षांपर्यंत ती कानांत आली. शुभेच्छांच्या वेळी फेट्याखालून घामाची धार निघाली आणि मला समोरच्या माणसाचं नाव आठवेना; समोर माझी भाची होती. मी तिच्या शालूच्या काठावर नजर धरून ठेवली. मोर होते. मी मोर मोजायचा प्रयत्न केला तर ते हलायला लागले. बसावं असं वाटत होतं, पण पलीकडं तो तालमीतला मामा, आणि भिंतीआड अक्का.

स्टेजची उंची अशी असते की तिथल्या माणसाचे पाय पहिल्या रांगेच्या अगदी डोळ्यांसमोर येतात. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर डॉ. रेश्मा जमादार बसली होती. तिनं मला आजवर असं अनवाणी उभं कधी बघितलं नव्हतं. ती माझा चेहरा बघायची, हात बघायची. पाय कशाला बघेल? ती एकदम उठली आणि पायऱ्या चढून वर आली. निवेदकानं प्रसंगावधान राखून तिचंही स्वागत केलं.

तिनं माझं मनगट धरलं. तोवर दोघा-तिघांच्या लक्षात आलं होतं आणि लग्नघरात जे होतं ते झालं: चारी बाजूंनी खुर्च्या यायला लागल्या. प्लॅस्टिकच्या, लोखंडी, एक सिंहासनही निघालं. “बसा सर, बसा सर” असा गजर चालला होता. मी वाकणार, तोच रेश्मानं माझा दंड घट्ट धरला.

“सर, बसू नका,” ती हळू आवाजात म्हणाली. “अजून थोडं उभे राहा. मी धरलंय तुम्हाला.”

“अहो डॉक्टर, ते पडतील,” खुर्चीवाला म्हणाला.

“माहितेय. खुर्ची मागं ठेवा आणि बाजूला व्हा.”

माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत मला उभं ठेवणारी ती पहिली. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्या पायांकडं बघत होती, म्हणून मीही खाली बघितलं. माझी पावलं पिकल्या जांभळासारखी झाली होती. घोट्यापर्यंत रंग चढला होता, जणू मी कशात तरी उभा होतो.

“चौगुले काका,” तिनं हाक मारली, “तुमच्याकडं ते आहे का?”

दाजींकडं ते होतं. दुसऱ्या लाटेपासून ते खिशात पेनाशेजारी ऑक्सिमीटर ठेवत. मुलीच्या लग्नातला रेशमी कुर्ताही त्याला अपवाद नव्हता. त्यांनी तो माझ्या बोटाला लावला. वरचा आकडा, ऑक्सिजनचा, नेहमीसारखा आदर्श. खालचा आकडा, नाडीचा, एकशेतीसच्या पुढं जाऊन थरथरत होता.

“आता बसा, सर,” रेश्मा म्हणाली.

मी बसलो. तिनं दुसरी खुर्ची ओढून माझे पाय उचलून तिच्यावर ठेवले. आम्ही तिघंही त्या बोटाएवढ्या पडद्याकडं बघत होतो. आकडा खाली यायला लागला. एकशेवीस, शंभर, नव्वद. जांभळाचा रंग ओसरायला लागला. आणि मला चेलनाचं नाव आठवलं.

“उभं केलं की चढतं,” दाजी पुटपुटले, “बसवलं की उतरतं.” त्यांच्या चेहऱ्यावर मी वर्षभरात न बघितलेला आनंद पसरला. ते वळले आणि कोणाला तरी सांगायलाच हवं म्हणून, शेजारी उभ्या असलेल्या निवेदकाला म्हणाले, “सर नॉर्मल नाहीत.”

निवेदकाच्या हातात माइक चालू होता. हे वाक्य मांडवात गेलं, जेवणाच्या हॉलमध्ये गेलं, पार्किंगमध्ये गेलं, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून नवरीच्या खोलीत गेलं.

रेश्मा खाली बसून मला समजावत होती, आणि मला आता समजत होतं. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडं उतरतं. मग नसा आवळल्या जातात, हृदय किंचित जोर लावतं आणि ते रक्त वर डोक्याकडं ढकललं जातं. हे सगळं आपल्याला न विचारता करणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांचं माझ्यात बिनसलं होतं. रक्त खालीच राहत होतं आणि हृदय वेड्यासारखं पळत होतं. “पॉट्स म्हणतात त्याला. करोनानंतर काही जणांना होतो, सगळ्यांना नाही.”

द्रवाचा दाब खोलीनुसार वाढत जातो, हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. तो नियम मलाही लागू आहे एवढंच सुचलं नव्हतं.

“तीन वेळा तपासलं तुम्हाला,” रेश्मा म्हणाली. “तिन्ही वेळा आधी खुर्ची दिली, मग चहा. कुठल्याही अनोळखी रोग्याला मी एव्हाना उभं केलं असतं. सरांना उभं कसं करायचं?” मग तिला हसू आलं. “तुम्ही मला अकरावीत सबंध तास केलं होतं.”

“म्हणजे सापडलं कारण?” दाजींनी विचारलं.

“कारण नाही, काका. खूण सापडली. या नसांचं का बिघडलं, त्यामागं उरलेला विषाणू आहे, की त्यांच्यावर जाऊन बसणाऱ्या अँटिबॉडी, की आणखी काही, ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही.”

दाजींनी यावर विचार केला. “यात रक्त कुठंच काढावं लागलं नाही,” ते जरा खिन्नपणे म्हणाले.

“रक्तानं काय काय नाही ते कळलं. तेही लागतंच.”

तेवढ्यात स्टेजच्या मागच्या पडद्यातून अक्का आली.  नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्या आत्यांनी कपाळाला हात लावला. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. पोट दाबून बघायची तशी वाकली आणि तिनं माझ्या घोट्याच्या वर बोट दाबलं. बोट उचलल्यावर उमटलेला पांढरा ठसा पुन्हा भरायला बराच वेळ लागला. ती तोपर्यंत वाकून बघत राहिली.

“विहीणबाई, तुम्ही इथं कशा?” त्या आत्या म्हणाल्या. “आईनं अक्षता बघायच्या नसतात.”

“मामा बसलाय,” अक्का सरळ होत म्हणाली. “पोरीच्या पाठीशी कोणी नको?”

आणि ती चेलनाच्या मागं, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिली.

त्याच क्षणी आमदारसाहेब आले. निवेदकानं आवाज चढवला. ते हात जोडून स्टेजवर आले तर पुढ्यातच माझी उंच केलेली पावलं. गुरुजनांचे पाय धरायची त्यांना सवय होती. इथं तर वाकायचेही कष्ट नव्हते. त्यांनी धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंडितांनी पोथी उघडली.

मंगलाष्टका चालू असताना मला अक्काची पाठ तेवढी दिसत होती. तिचा पदर मधूनमधून हलत होता. उकाडा फार होता. लोक अक्षता नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकत होते आणि मी खाली बसलेलो असल्यामुळं त्यांतल्या बऱ्याचशा माझ्यावर पडत होत्या.

जेवायला मला टेबलाच्या कडेला बसवलं, पाय वर घ्यायला जास्तीची खुर्ची दिली. रेश्मानं समोर बसून पथ्य सांगितलं: पाणी भरपूर, कमरेपर्यंत घट्ट मोजे, नाडी आवरायला एक गोळी, आणि मीठ. बी.पी. बरं आहे तोवर इतरांपेक्षा जास्त मीठ. मी चमकलो. व्रताला अळणी जेवणाऱ्या घरात मी वाढलो होतो, पन्नाशीनंतर उरलेलं मीठही सगळ्यांनी मिळून कमी केलं होतं.

वाढपी ताटाच्या डाव्या बाजूला चिमूटभर मीठ टाकून पुढं गेला. त्याच्या मागून अक्का आली. हातात मिठाचा वाडगा होता, वाढप्याकडून काढून घेतलेला. तिनं माझ्या ताटात चमचाभर मीठ घातलं. ढीग झाला. ती गेली नाही. थोडं थांबून आणखी एक चमचा घातला. आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

“अक्का, एवढं मीठ? लोक बघतायत.”

“बघू देत,” अक्का म्हणाली. “लोकांना मी सांगते.”